वजनाच्या ऑपरेशनचा दिवस : घरच्यांनी काय करावे?



या सदरात आपण नेहमी बी-बियाणे, खते आणि जनावरांचा चारा यांविषयी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. अलीकडे शिवारफेरी संपली की एखादा शेतकरी मला बाजूला घेतो आणि हळू आवाजात विचारतो, "साहेब, आमच्या मंडळींचे वजन नव्वदच्या पुढे गेले. शुगर आहे, गुडघे धरलेत. शहरातल्या डॉक्टरांनी पोटाचे ऑपरेशन सांगितले आहे. त्या दिवशी नेमके काय करतात हो?"

मी डॉक्टर नव्हे, शेतीखात्यातला माणूस. ऑपरेशन करावे की करू नये, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण माझ्या थोरल्या वहिनींचे हे ऑपरेशन झाले, तेव्हा आदल्या दिवसापासून घरी सोडीपर्यंत मी दादाबरोबर इस्पितळात होतो. डॉक्टरांना आणि सिस्टरांना विचारून जे समजून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवतो. त्या दिवशी घरच्यांना दोन कामे असतात. एक, खरे सांगणे. दुसरे, खाऊ न घालणे. दोन्ही ऐकायला सोपी वाटतात, पण आपल्या घरांत तीच सर्वांत अवघड जातात.

हे ऑपरेशन म्हणजे काय?

पोटावरची चरबी कापून काढतात, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. हे ऑपरेशन जठराचे, म्हणजे आपण खाल्लेले अन्न ज्या पिशवीत पहिल्यांदा जाते त्या पिशवीचे असते. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार होतात. पहिल्याला स्लीव्ह म्हणतात. त्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उभा कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. भूक लावणारे एक द्रव्य जठराच्या ज्या भागात जास्त तयार होते, तो भागही यात निघतो. म्हणून खाणे कमी होतेच, शिवाय भूकही मंदावते. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराची लहानशी पिशवी वेगळी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. पाटाचे पाणी मधला तुकडा टाळून थेट पुढच्या सरीला द्यावे, तसे.

हे काही कालपरवाचे खूळ नाही. बायपासची सुरुवात अमेरिकेत आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली केली. दुर्बिणीतून बायपास करण्याची पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडे श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत वजनाचे ऑपरेशन करून घेतले, तेव्हा वर्तमानपत्रांतून खेड्यापाड्यांतही त्याची चर्चा झाली होती.

ऑपरेशन कोणाला लागते, हे डॉक्टर उंचीच्या मानाने वजन पाहून ठरवतात. वजन किलोत घ्यावे आणि त्याला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागावे. पाच फूट म्हणजे १.५२ मीटर उंचीच्या बाईचे वजन ९० किलो असेल, तर उत्तर सुमारे ३९ येते. हा आकडा ३५ च्या पुढे असला की डॉक्टर ऑपरेशनचा विचार करतात. आपल्यासारख्या आशियाई लोकांत, विशेषतः शुगर असेल तर, त्याहून कमी आकड्यालाही करतात. सडपातळ दिसण्याची हौस म्हणून हे ऑपरेशन कोणी करू नये.

तयारी आधीपासून

तारीख ठरवताना आधी आपले शेत पाहावे. सुगी, कांदा लागण किंवा ऊसतोडीच्या तोंडावरची तारीख घेऊ नये. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे घागर, भारा, पोते यांतले काहीही उचलायचे नसते. धारा कोण काढील, शेणघाण कोण करील, हे आधी ठरले नाही तर ती माउली आठव्या दिवशी गोठ्यात उभी राहील.

ऑपरेशनच्या आधी एक-दोन आठवडे डॉक्टर कमी पिष्टाचे, बहुधा पातळ जेवण सांगतात. त्याला कारण आहे. लठ्ठ माणसाच्या यकृतात चरबी साठून ते फुगलेले असते, आणि यकृत नेमके जठरावर पडलेले असते. पथ्याने ते आक्रसते, मग सर्जनला खालचे जठर नीट दिसते. "बिचारीला पुढे खायला मिळणार नाही, आत्ताच खाऊ दे" म्हणून जी घरे या पंधरवड्यात पुरणपोळी करतात, ती आपल्याच माणसाचे ऑपरेशन अवघड करून ठेवतात.

तंबाखूचेही तसेच. वहिनींना पहिल्या भेटीतच विचारले, "तंबाखू, मिश्री काही?" त्यांनी मान हलवून नाही म्हटले. दादा शेजारीच होता. तो म्हणाला, "डॉक्टर, ही दिवसातून तीनदा मिश्री लावते." वहिनींचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी तारीख सहा आठवडे पुढे ढकलली आणि मिश्रीची डबी बंद करायला सांगितले. तंबाखूने रक्तवाहिन्या आखडतात आणि शिवलेली जागा भरून यायला वेळ लागतो. वहिनी दोन दिवस दादाशी बोलल्या नाहीत. पण दादाने केले ते बरोबरच केले.

पहाट : पोट रिकामे हवे

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे आंघोळ असते. साबणाने सर्व अंग आणि विशेषतः बेंबी स्वच्छ करायला सांगतात, कारण दुर्बिणीची भोके तिथेच आसपास पडतात. तेल, पावडर, स्नो काही लावायचे नाही. नखांचा रंग काढायचा, कारण बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजतात. मंगळसूत्र, बांगड्या, नथ, जोडवी सर्व उतरवावे लागते. आत विजेच्या उपकरणाने रक्तस्राव थांबवतात, अंगावर धातू असेल तर भाजण्याचा धोका असतो. जोडवी बोटात रुतलेली असतील, तर गावच्या सोनाराकडून आधीच काढून आणावीत. मंगळसूत्र उतरवताना कोणी अपशकुन मनात आणू नये. ते नवऱ्याच्या खिशात सुरक्षित असते.

आता मुख्य गोष्ट. साधारणपणे जेवण आठ तास आधी बंद आणि हलके खाणे सहा तास आधी बंद, असा नियम असतो. साधे पाणी कधीपर्यंत घ्यायचे, ते भूलतज्ज्ञ प्रत्येकाला वेगळे सांगतात आणि त्यांचाच शब्द पाळायचा. भूल दिली की माणसाचा ठसका आणि गिळणे थांबते. पोटात काही असेल तर ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकते, आणि त्याने जीवही जातो.

वहिनींच्या शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या. पहाटे पाचला त्यांच्या सुनेने थर्मासमधून अर्धा कप चहा दिला. "उपाशी कसे ठेवायचे म्हातारीला? चहाच तर आहे," असे तिचे म्हणणे. भूलतज्ज्ञांनी विचारल्यावर मात्र तिने खरे ते सांगितले. त्या आजींचे ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेले. मुलगा चिडला, एक दिवसाचा खर्च वाढला. तेव्हा भूलतज्ज्ञांनी त्याला शांतपणे समजावले, "दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे, अन्न आहे. दूध पोटात जाऊन घट्ट होते. तुमच्या मंडळींनी सांगितले म्हणून आई वाचली असे समजा." सुनेने चहा दिला ते अज्ञान होते. पण विचारल्यावर लपवले नाही, हे शहाणपण होय.

भूलतज्ज्ञांना काय सांगावे?

भूलतज्ज्ञ विचारतील तेव्हा, आणि विचारले नाही तरी, पुढील गोष्टी सांगाव्यात.

रोजची सर्व औषधे, चिठ्ठ्यांसह. शुगरच्या काही गोळ्या तीन-चार दिवस आधीच थांबवाव्या लागतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचाही हिशेब असतो, तर रक्तदाबाची एखादी गोळी त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर देतात. आपल्या मनाने चालू किंवा बंद करू नये.

वैदूची चूर्णे आणि शेजाऱ्याने दिलेल्या पुड्या. वजन उतरवण्यासाठी आठवड्याला एकदा टोचायची इंजेक्शने २०२५ पासून आपल्याकडेही मिळू लागली आहेत. त्यांनी पोट सावकाश रिकामे होते, म्हणून ती घेतली असल्यास जरूर सांगावे.

झोपेतले घोरणे. घोरता घोरता श्वास मध्येच थांबत असेल, तर ते घरच्यांनाच ठाऊक असते, झोपणाऱ्याला नसते. भुलीच्या दृष्टीने ही फार मोठी बाब आहे. श्वासाचे यंत्र दिले असेल तर ते बरोबर न्यावे.

हलणारा दात किंवा कवळी, पूर्वीची ऑपरेशने, एखाद्या औषधाने आलेले चट्टे, दारूची सवय. ही चौकशी आब्रूची नसून जिवाची आहे. सासऱ्यांसमोर सांगण्याची लाज वाटत असेल, तर सिस्टरना म्हणावे, "मला एकटीला बोलायचे आहे."

थिएटरमध्ये काय होते?

नेण्यापूर्वी नाव काय, ऑपरेशन कशाचे, असे तीन-चार जण पुन्हा पुन्हा विचारतात. "यांना काहीच माहीत नाही का?" म्हणून रागावू नये. ही मुद्दाम ठेवलेली तपासणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली अशी यादी घालून दिली : भुलीआधी, चिरा देण्याआधी आणि बाहेर काढण्याआधी थांबून सर्व ताडून पाहायचे. संमतीपत्रावर सही किंवा अंगठा देण्यापूर्वी ते मराठीत वाचून घ्यावे. कोणते ऑपरेशन, धोके कोणते, बिघडल्यास पुढे काय, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

आत थंडी असते आणि टेबल अरुंद असते. पायांना घट्ट मोजे किंवा हवा भरणाऱ्या पिशव्या गुंडाळतात, रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शनही देतात, कारण पडून राहिल्याने पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. तोंडावर मास्क धरून खोल श्वास घ्यायला सांगतात. मग शिरेतून औषध जाते आणि क्षणात झोप लागते. घशात नळी घालतात ती झोपेतच. पुढचे काही कळत नाही आणि आठवत नाही.

पोटावर चार-पाच लहान भोके पाडतात. कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट तंबूसारखे फुगवतात आणि दुर्बिणीने पडद्यावर पाहून काम करतात. जठर कापणे आणि शिवणे एकाच यंत्राने होते. टायटॅनियमच्या अगदी बारीक टाचण्यांच्या रांगा बसतात. त्या जन्मभर आतच राहतात आणि त्रास देत नाहीत. शेवटी शिवण गळते का, ते पुष्कळ ठिकाणी पाहतात. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर आपण घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुड्यांवरून काढतो ना, तसेच. शिवणीवर पाणी सोडून आतून हवा भरतात आणि बुडबुडे येतात का बघतात. कोणी निळा रंग सोडून पाहतात.

बाहेर बसलेल्यांसाठी

स्लीव्हचे प्रत्यक्ष काम साधारण तास-दीड तासाचे, बायपासचे दोन-तीन तासांचे. पण आत नेल्यापासून खाटेवर परत आणीपर्यंत चार-पाच तास सहज जातात. भूल चढवणे, उतरवणे आणि नंतर वेगळ्या खोलीत देखरेख यांना वेळ लागतो. उशीर म्हणजे वाईट बातमी, असे समजू नये. काही सर्जन काढलेला जठराचा भाग बोलावून दाखवतात. मन घट्ट असलेल्यानेच जावे.

एकाने फोन जवळ ठेवून तिथेच बसावे. गावाहून जीपभर माणसे आणण्याने रुग्णाला उपयोग नसतो, सिस्टरांना मात्र त्रास होतो. चांगल्या इस्पितळात या ऑपरेशनने दगावण्याचे प्रमाण हजारी एकाच्या आसपास आहे. म्हणजे ते अगदी बिनधोकही नाही, आणि काळजाचा ठोका चुकवावा असेही नाही.

शुद्धीवर आल्यावर

माणूस शुद्धीवर येतो तो थंडीने कुडकुडत, कोरड्या तोंडाने आणि मळमळत. घसा खवखवतो. पुष्कळांना पोटापेक्षा खांदा जास्त दुखतो. पोटात राहिलेल्या वायूने वरचा पडदा डिवचला जातो, त्याची कळ खांद्यात येते. ती एक-दोन दिवसांत जाते. खांदा चोळत बसू नये आणि हृदयाचा झटका म्हणून घाबरूही नये, पण सिस्टरना सांगावे.

बहुतेक ठिकाणी त्याच संध्याकाळी रुग्णाला उठवून चालवतात. आपल्याकडे ऑपरेशन म्हटले की "हलू नको, पडून राहा" म्हणायची रीत आहे. इथे उलटे आहे. चालल्याने पायात गाठ होत नाही, वायू जिरतो, फुप्फुसे मोकळी होतात. वहिनी "टाके तुटतील" म्हणून रडू लागल्या, तेव्हा दादाने त्यांचा हात खांद्यावर घेतला आणि खोलीच्या दारापर्यंत चार फेऱ्या घातल्या. लग्नानंतर सबंध गावासमोर कधी हात धरला नव्हता, असे वहिनी आता हसून सांगतात. तीन चेंडूंचे फुंकायचे यंत्र आपण कोरोनाच्या वेळी, २०२०-२१ मध्ये, घरोघरी पाहिले. तेही देतात. त्यात श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे.

तहान फार लागते. पण पाणी केव्हा सुरू करायचे ते डॉक्टर सांगतात, आणि तेही औषधाच्या बाटलीच्या टोपणाएवढे, घोट घोट. तोवर ओल्या कापसाने ओठ पुसावेत. इथे पुन्हा आपली माया आड येते. भेटायला येणारी मावशी शिरा आणते, मामा शहाळे आणतो. नव्या शिवणीवर एकदम भार पडला की उलटी होते आणि शिवण ताणली जाते. डबा दाराबाहेरच थांबवण्याचे काम घरातल्या एकाला नेमून द्यावे, आणि तो माणूस थोडा कडक असावा. पाहुण्याला वाईट वाटेल, तर वाटू द्यावे.

घरी निघताना

बहुधा दोन-तीन दिवसांत सोडतात. गाव लांब असेल, तर शक्य असल्यास आणखी काही दिवस शहरातच नातेवाइकांकडे राहावे. शिवण गळण्याचा धोका घरी गेल्यावरही काही दिवस असतो. नाडी फार जलद चालणे, ताप, वाढती पोटदुखी, धाप, न थांबणारी उलटी, पोटरीला सूज, काळी शौच, यांतले काहीही दिसले तर गावात सलाईन लावून वाट पाहू नये. ज्या इस्पितळात ऑपरेशन झाले, तिथे फोन करून लगेच निघावे. तो नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. शुगरच्या गोळ्या व इन्सुलिन जुन्या मापाने देऊ नये, कारण या ऑपरेशननंतर शुगर झपाट्याने उतरू शकते. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, विशेषतः बायपासनंतर, जठरात व्रण करतात. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

पुढे काही आठवडे पातळ, मग मऊ, मग साधे अन्न, आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. रक्त तपासणीही ठराविक काळाने जन्मभर. फळबाग लावली आणि पाणी दिले नाही, असे चालत नाही. तसेच हेही आहे.

निघण्यापूर्वी एवढे कागदावर उतरवून घ्यावे :

१. उपास किती वाजल्यापासून, आणि पाणी कधीपर्यंत.
२. कोणती गोळी चालू, कोणती बंद.
३. तंबाखू-मिश्री, घोरणे, चूर्णे, इंजेक्शने यांबद्दल कोण बोलणार.
४. दागिने कोणाजवळ, फोन कोणाजवळ.
५. डबा अडवणारा कोण, चालवणारा कोण.
६. घरी गुरे आणि स्वयंपाक कोणाकडे, आणि किती आठवडे.

खर्च सरकारी योजनेत बसतो का, हे योजनेच्या इस्पितळात बसणाऱ्या आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधीच विचारावे. विमा असेल तर कंपनीकडून लेखी घ्यावे.

माझ्या वहिनी आता पहाटे स्वतः धार काढायला बसतात. पाटावर मांडी घालता येत नव्हती, ती आता येते. जेवायला मात्र त्यांच्या ताटात दोन घासांची भाकरी आणि वाटीभर उसळ असते, आणि "अजून घ्या" असा आग्रह आमच्या घरात कोणी करीत नाही. ज्यांच्या घरी अशी तारीख ठरली असेल, त्यांनी आज रात्री जेवणे झाल्यावर सर्वांना बसवून ही यादी मोठ्याने वाचावी. पुढील अंकी नेहमीप्रमाणे शेतीचा विषय घेऊ. कळावे.